गाठ काढून टाकली. मग रेडिएशन नेमके कुठे द्यायचे?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ लवकर सापडली तर संपूर्ण स्तन काढण्याची गरज बहुतेक वेळा राहत नाही. सर्जन गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढतात, काखेतल्या ग्रंथी तपासतात आणि जखम भरल्यावर रेडिएशन दिले जाते. इथे रुग्णाला आणि तिच्या घरच्यांना एक रास्त प्रश्न पडतो. गाठ तर काढून टाकली, मग किरण कशावर सोडणार? आणि जी वस्तू आता शरीरात नाहीच, ती कुठे होती हे डॉक्टरांना कसे कळणार? या प्रश्नाचे उत्तर मोठ्या प्रमाणात ऑपरेशनच्या टेबलावरच ठरते. ते नंतर शोधू म्हटले तर अनेकदा उशीर झालेला असतो. म्हणून हा विषय रुग्णांना ऑपरेशनच्या आधीच माहीत असावा, असे मला मनापासून वाटते.

आधी रेडिएशनची गरज पाहू. गाठ पूर्ण निघाली आणि तिच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसल्या, तरी आजूबाजूच्या ऊतींमध्ये डोळ्यांना न दिसणारे कर्करोगाचे कण राहू शकतात. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या मोठ्या चाचणीचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. त्यात फक्त गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा कर्करोग झाला, तर गाठ काढून रेडिएशन दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १४.३ टक्के होते. त्याच वर्षी इटलीतील मिलान येथील उम्बर्तो व्हेरोनेसी यांच्या चाचणीचेही २० वर्षांचे निष्कर्ष आले. स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक पडत नाही, हे दोन्ही चाचण्यांनी दाखवले. स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया आज निर्धास्तपणे करता येते, ती या आधारावर.

रेडिएशन बहुधा दोन पातळ्यांवर दिले जाते. पहिली पातळी संपूर्ण स्तनाची. तिथे गाठीची नेमकी जागा सेंटिमीटरपर्यंत माहीत असण्याची गरज नसते, कारण सगळा स्तनच किरणांच्या कक्षेत येतो. दुसरी पातळी गाठीच्या मूळ जागेला दिलेल्या जादा मात्रेची असून तिला ‘बूस्ट’ म्हणतात. रोग त्याच स्तनात परत आला तर तो बहुतांशी गाठ होती त्याच जागी किंवा तिच्या आसपास येतो, हे अनेक वर्षांच्या निरीक्षणातून दिसले आहे. युरोपातील ५,३१८ स्त्रियांच्या चाचणीत सर्वांच्या संपूर्ण स्तनाला ५० ग्रे मात्रा दिली गेली आणि निम्म्या जणींना गाठीच्या जागी आणखी १६ ग्रे बूस्ट दिला गेला. (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक आहे.) २० वर्षांनंतर बूस्ट न मिळालेल्या गटात १६.४ टक्के आणि बूस्ट मिळालेल्या गटात १२ टक्के जणींना त्याच स्तनात रोग परतला. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये फायदा सर्वांत मोठा होता, म्हणजे ३६ टक्क्यांवरून २४.४ टक्के. वाढत्या वयात तो कमी होत गेला, आणि म्हणूनच साठीपुढच्या कमी धोक्याच्या रुग्णाला बूस्ट दिलाच पाहिजे असे नाही. या फायद्याची किंमतही त्याच चाचणीत मोजली गेली. स्तनाच्या ऊती तीव्र प्रमाणात कडक होण्याचे प्रमाण बूस्टमुळे १.८ टक्क्यांवरून ५.२ टक्के झाले.

सगळा प्रश्न या दोन आकड्यांच्या जोडीत आहे. बूस्ट चुकीच्या जागी पडला तर फायदा हातचा जातो आणि तोटा मात्र पूर्ण पदरी पडतो. जागेची खात्री नाही म्हणून डॉक्टरांनी सर्व बाजूंनी मोठा घेर धरला, तर नेम चुकत नाही, पण निरोगी स्तनाचा बराच भाग जादा मात्रेखाली येतो. हा भाग किती झपाट्याने वाढतो, याची सहसा कल्पना येत नाही. ७ सेंटिमीटर व्यासाचा गोल घेतला तर त्याचे आकारमान सुमारे १८० घन सेंटिमीटर भरते. जागेच्या अनिश्चिततेपोटी त्याच्या सर्व बाजूंना एकच सेंटिमीटर वाढवला तर व्यास ९ सेंटिमीटर होतो, पण आकारमान जवळपास ३८० घन सेंटिमीटरवर, म्हणजे दुपटीहून वर जाते. मध्यम आकाराच्या स्तनाचा हा फार मोठा हिस्सा झाला. डाव्या स्तनात तर वाढलेला घेर हृदयाच्या दिशेनेही सरकू शकतो.

मग ती जागा ओळखायची कशी? सर्वांच्या मनात येणारे पहिले उत्तर म्हणजे टाक्यांचा व्रण, आणि सर्वांत जास्त दिशाभूल तोच करतो. पूर्वी सर्जन गाठीच्या बरोबर वर छेद घेत, आणि डॉक्टर व्रणाभोवती पेनाने वर्तुळ काढून बूस्टचा भाग ठरवत. आता छेद कुठे घ्यायचा हे स्तनाच्या दिसण्याचाही विचार करून ठरते. स्तनाग्राभोवतालच्या गडद त्वचेच्या कडेने किंवा स्तनाखालच्या घडीत छेद घेतला तर व्रण झाकला जातो, पण तिथून गाठीपर्यंत सर्जन त्वचेखालून वाट काढत गेलेले असतात. गाठ वरच्या बाहेरच्या भागात आणि व्रण मध्यभागी, असे सहज घडते. शिवाय व्रण हा पृष्ठभागावरचा असतो आणि तो खोली सांगत नाही. गाठ त्वचेखाली १ सेंटिमीटरवर होती की छातीच्या स्नायूला लागून, हे त्यावरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रियेत ही अडचण आणखी वाढते. गाठ काढल्यावर पडलेला खळगा तसाच न ठेवता सर्जन शेजारच्या ऊती फिरवून तो भरतात, कधी स्तनाचा आकारच नव्याने बांधतात, कधी पाठीचा स्नायू आणून पोकळी भरतात. स्त्रीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे आणि ती नाकारण्याचे काही कारण नाही. मात्र पोकळीची एक भिंत एका दिशेला आणि दुसरी भलत्याच दिशेला गेलेली असते. अशा स्तनात नंतर केवळ स्कॅन पाहून मूळ जागा ओळखणे फार कठीण होते.

ऑपरेशनआधीची मॅमोग्राफी आणि एमआरआय पाहून जागा सांगता येणार नाही का? काही प्रमाणात येते आणि ते अहवाल हाताशी असलेच पाहिजेत, पण त्यांनाही मर्यादा आहे. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबलेला असतो, एमआरआयमध्ये रुग्ण पालथी झोपलेली असते आणि रेडिएशनच्या वेळी ती उताणी, हात डोक्यावर घेऊन झोपते. स्तन हा मऊ अवयव असल्याने या प्रत्येक स्थितीत गाठीची जागा काही सेंटिमीटर सरकते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘उजव्या स्तनात १० वाजताच्या दिशेला, स्तनाग्रापासून ४ सेंटिमीटर’ असे लिहिलेले असते. ते कोणता भाग हे सांगायला उत्तम असले, तरी किरणांचा नेम धरायला अपुरे पडते.

ऑपरेशननंतर निसर्गही एक खूण ठेवतो. गाठ काढलेल्या पोकळीत काही दिवसांत पाण्यासारखा द्रव साठतो, त्याला ‘सिरोमा’ म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये तो भोवतालच्या चरबीपेक्षा वेगळा उठून दिसतो आणि ताजा असताना पोकळीचा आकार बऱ्यापैकी दाखवतो. अडचण अशी की शरीर हा द्रव शोषून घेत राहते, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तो खूप लहान होतो किंवा नाहीसा होतो. केमोथेरपी लागणार नसेल तर ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच रेडिएशनचा स्कॅन होतो आणि सिरोमा दिसण्याची शक्यता असते. ऑपरेशननंतर केमो द्यायची असेल तर ती आधी होते आणि स्कॅनपर्यंत पाच-सहा महिने उलटतात. तोवर त्या जागी फिकट पांढुरक्या रेषांखेरीज फारसे काही उरत नाही. ज्यांची स्तनग्रंथी दाट आहे त्यांच्यात त्या रेषाही ओळखू येत नाहीत, कारण सगळीकडे तसेच चित्र असते. एकच स्कॅन वेगवेगळ्या तज्ज्ञांना दिला आणि गाठीची जागा आखायला सांगितली, तर त्यांच्या आखण्या एकमेकींशी पुरेशा जुळत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यात तज्ज्ञांचा दोष काढता येणार नाही, कारण त्यांच्यासमोरच्या चित्रात माहितीच कमी असते.

या सगळ्यावरचा उपाय साधा आहे. गाठ काढून झाल्यावर, पोकळी मिटवण्याआधी, सर्जनने तिच्या भिंतींवर धातूच्या बारीक क्लिपा लावायच्या. शेतातली विहीर बुजवण्याआधी तिच्या कडेने खुणेचे दगड पुरून ठेवावेत, तसे हे काम आहे. क्लिपा टायटॅनियमच्या, काही मिलिमीटर लांबीच्या असतात. साधारण पाच किंवा सहा क्लिपा वरची, खालची, आतली (छातीच्या मध्याकडची), बाहेरची (काखेकडची) आणि तळाची भिंत दाखवतात, तर सहावी असल्यास त्वचेकडची बाजू दाखवते. तळाच्या क्लिपेचे महत्त्व विशेष आहे, कारण खोली सांगणारी दुसरी कोणतीही खूण इतकी भरवशाची नाही. ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रियेत ऊती फिरवण्याच्या आधी क्लिपा लागल्या पाहिजेत. नंतर लावल्या तर त्या मूळ भिंतीवर नसतात आणि चुकीची जागा दाखवतात.

टायटॅनियम निवडण्यामागे कारणे आहेत. हा धातू शरीराला सहसा त्रास देत नाही, सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो पण भोवतालचे चित्र फारसे बिघडवत नाही, आणि तो चुंबकाला चिकटत नसल्याने पुढे एमआरआय करायलाही अडथळा येत नाही. क्लिपा काढाव्या लागत नाहीत आणि त्वचेखाली जाणवत नाहीत.

क्लिपांच्या जोडीला ऑपरेशनची नोंद नीट हवी, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते. रक्तवाहिनी बंद करण्यासाठीही सर्जन तशाच क्लिपा वापरतात आणि काखेतल्या ग्रंथी काढतानाही त्या लावल्या जातात. स्कॅनमध्ये आठ-नऊ ठिपके दिसले तर पोकळीचे कोणते आणि रक्तस्राव थांबवण्यासाठीचे कोणते, हे धातू सांगत नाही. ‘पोकळीच्या वरच्या, खालच्या, आतल्या, बाहेरच्या आणि तळाच्या भिंतीवर प्रत्येकी एक क्लिप’ एवढी ओळ नोंदीत असली की रेडिएशनच्या डॉक्टरांचा मोठा प्रश्न सुटतो. पॅथॉलॉजीच्या अहवालात कडेजवळ रोग सापडल्याने पुन्हा ऑपरेशन करावे लागले, तर जुन्या क्लिपा काढलेल्या तुकड्याबरोबर निघून जाऊ शकतात. अशा वेळी नव्या भिंतींवर त्या पुन्हा लावायला हव्यात, आणि नोंदही नव्याने व्हायला हवी.

आपल्याकडे आणखी एक परिस्थिती वारंवार येते. गाठ मोठी असल्याने आधी केमो देऊन ती लहान केली जाते आणि मग स्तन वाचवणारे ऑपरेशन होते. औषधाला प्रतिसाद फार चांगला मिळाला तर गाठ तपासणीत सापडेनाशी होते. आनंदाची गोष्ट असली तरी काय आणि कुठून कापायचे, हा प्रश्न तेव्हा सर्जनपुढेच उभा राहतो. त्यासाठी केमो सुरू होण्याआधी किंवा गाठ अजून दिसत असताना, सोनोग्राफीखाली पाहून सुईने गाठीच्या मध्यभागी एक बारीक खूण सोडतात. ही खूण ऑपरेशनच्या वेळी गाठीच्या जागेबरोबर बाहेर निघते. म्हणून रेडिएशनसाठीच्या क्लिपा वेगळ्या लावाव्याच लागतात. एकीने दुसरीची गरज भागत नाही.

प्रत्यक्ष नियोजनाच्या दिवशी, ज्याला सिम्युलेशन म्हणतात, रुग्णाला तिरप्या फळीवर उताणी झोपवतात. हात डोक्यावर टेकवलेले असतात, आणि व्रणावर सीटीत दिसणारी बारीक तार चिकटवतात. ही स्थिती पुढे रोज तशीच ठेवावी लागते, म्हणून ऑपरेशननंतर खांद्याचे व्यायाम चुकवू नयेत. हात वर गेला नाही तर हा स्कॅनच पुढे ढकलावा लागतो. त्वचेवर बारीक ठिपक्यांच्या खुणा केल्या जातात. डाव्या स्तनाच्या रुग्णांना अनेक ठिकाणी दीर्घ श्वास घेऊन रोखून धरायला शिकवतात. छाती फुगल्याने हृदय स्तनापासून दूर सरकते.

मग रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट संगणकावर स्कॅनचा एकेक काप उघडून गाठीची जागा आखतात. क्लिपा, सिरोमा असल्यास त्याची कड, ऊतींमधला बदल, जुनी मॅमोग्राफी, ऑपरेशनची नोंद आणि व्रणाची तार हे सगळे एकत्र पाहून ही रेषा काढली जाते. सिरोमा एखाद्या फटीतून बाजूला पसरला असेल तर क्लिपा त्याला आवर घालतात. उलट एखादी क्लिप सुटून भलतीकडे गेली असेल तर सिरोमा आणि बाकीच्या क्लिपा ते उघड करतात.

आखलेल्या जागेभोवती सुरक्षेची पट्टी धरली जाते. ती सर्व बाजूंनी सारखीच असावी असे नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या एका शिफारशीत एकूण २० मिलिमीटरचे अंतर धरून त्यातून सर्जनने त्या बाजूला आधीच काढलेला निरोगी भाग वजा करतात. म्हणजे पॅथॉलॉजीच्या अहवालात काखेकडची कड ८ मिलिमीटरवर स्वच्छ असेल तर त्या बाजूला १२ मिलिमीटर पुरतात, आणि दुसऱ्या बाजूला कड २ मिलिमीटरवरच असेल तर तिथे १८ लागतात. अर्थात हा हिशेब करण्यासाठी काढलेला तुकडा कोणत्या दिशेने होता, हे पॅथॉलॉजिस्टला कळलेले असावे लागते. त्यासाठी सर्जन तुकड्याच्या बाजूंना वेगवेगळ्या लांबीचे धागे बांधून पाठवतात. या पट्टीवर आणखी काही मिलिमीटर श्वासाची हालचाल आणि रोजच्या झोपण्यातला फरक यांसाठी वाढवले जातात. फासळ्या, फुप्फुस आणि त्वचेचा वरचा थर मात्र शक्यतो वगळतात.

खुणा पक्क्या असल्या की किती काटेकोर होता येते, याचे चांगले उदाहरण ब्रिटनमधील ‘इम्पोर्ट हाय’ या चाचणीत मिळते. तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. २,६१७ स्त्रियांच्या या चाचणीत एका गटाला बूस्ट वेगळ्या आठवड्यात न देता १५ दिवसांच्या उपचारातच रोज थोडा थोडा मिसळून दिला गेला. त्या दिवसांत गाठीच्या जागेला एकूण ४८ ग्रे आणि बाकीच्या स्तनाला कमी मात्रा, अशी ती विभागणी होती. पोकळीत खुणा असणे ही सहभागाची अट होती. तिथल्या बूस्टच्या लक्ष्याचे मध्यक आकारमान सुमारे १३ घन सेंटिमीटर होते, आणि पाच वर्षांनंतर ४८ ग्रे मिळालेल्या गटात त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण २ टक्के होते. वेगळ्या आठवड्यात बूस्ट घेतलेल्या गटात ते १.९ टक्के होते. इतक्या छोट्या लक्ष्यावर विसंबण्याचे धाडस खुणांशिवाय कोणी करणार नाही.

कमी धोक्याच्या काही रुग्णांमध्ये फक्त गाठीच्या जागेभोवतालचा भागच किरणांखाली घेतात, संपूर्ण स्तन नाही. तिथे जागेची चूक अधिक महाग पडते. बूस्ट थोडा हुकला तरी संपूर्ण स्तनाला मिळालेली मात्रा पाठीशी असते, पण आंशिक उपचारात हुकलेल्या जागेला काहीच मिळत नाही. ऑपरेशन चालू असताना उघड्या पोकळीतच किरणे देण्याची पद्धतही आहे आणि तिच्यात जागा शोधण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र त्या क्षणी पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल हातात नसतो. मिलानमधील ‘एलियट’ चाचणीत एकाच वेळी दिलेल्या अशा मात्रेनंतर पाच वर्षांत ४.४ टक्के जणींना त्याच स्तनात रोग परतला, तर संपूर्ण स्तनाच्या रेडिएशननंतर हे प्रमाण ०.४ टक्के होते. म्हणून रुग्णाची निवड फार जपून करावी लागते. पोकळीभोवती सुया किंवा नळ्या ओवून त्यांतून इरिडियमचा स्रोत फिरवण्याची ब्रॅकिथेरपी हा तिसरा मार्ग आहे, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाला तिचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

क्लिपा लावलेल्याच नसतील तर उपचार थांबत नाहीत, हे कोणी घाबरून जाऊ नये म्हणून स्पष्ट सांगायला हवे. ऑपरेशनआधीचे सर्व स्कॅन, सर्जनची नोंद, शक्य असल्यास सर्जनशी प्रत्यक्ष चर्चा, सोनोग्राफी आणि सीटीतील सूक्ष्म बदल यांच्या आधारे जागा ठरवली जाते. घेर थोडा मोठा धरावा लागतो. जागा खरोखरच ठरत नसेल आणि रुग्णाचा धोका कमी असेल, तर बूस्ट टाळून केवळ संपूर्ण स्तनाचे रेडिएशन देण्याचा निर्णयही डॉक्टर घेऊ शकतात.

रुग्णाच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या पण मोलाच्या आहेत. ऑपरेशनच्या आधी सर्जनना विचारावे की पोकळीत क्लिपा लावणार का आणि त्याची नोंद मिळेल का. ऑपरेशन एका रुग्णालयात आणि रेडिएशन दुसऱ्या शहरात, ही महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांची वस्तुस्थिती आहे. अशा वेळी केवळ डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. सविस्तर ऑपरेशन नोंद, पॅथॉलॉजीचा पूर्ण अहवाल आणि मॅमोग्राफीच्या मूळ फिल्म किंवा सीडी मागून घ्यावी. शक्य असल्यास रेडिएशनच्या डॉक्टरांची एक भेट ऑपरेशनआधीच घ्यावी. सिरोमा दुखत नसेल आणि संसर्ग झालेला नसेल, तर स्कॅनच्या तोंडावर रेडिएशनच्या डॉक्टरांना न सांगता तो सुईने काढून घेऊ नये.

उपचार सुरू झाल्यावर क्लिपांचे दुसरे काम सुरू होते. मशीनवरच्या प्रतिमेत त्या दिसतात, आणि नियोजनाच्या स्कॅनमधील जागेशी त्या जुळवून टेबल काही मिलिमीटर सरकवले जाते. पुढच्या वर्षांतल्या प्रत्येक मॅमोग्राफीतही त्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसत राहतात. रेडिओलॉजिस्टना त्यावरून जुन्या गाठीची जागा ओळखता येते आणि तिथला बदल ऑपरेशनच्या व्रणाचा आहे की नव्याने तपासायला हवा, हे ठरवणे सोपे जाते. म्हणून नव्या केंद्रात मॅमोग्राफी करताना स्तनात क्लिपा आहेत हे आधीच सांगावे आणि जुनी फिल्म बरोबर न्यावी.